सगळ्या भिंती एकाच लेयरवर, फरक फक्त रंगाचा. मिस्त्रीने नको ती भिंत फोडायला घेतली

पाथर्डीफाटा_ड्राफ्टिंग | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न ऑटोकॅडमधल्या (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या) रंगांचा आहे. पण आधी काय घडलं ते सांगते, नाहीतर "सगळं बायलेयर करा" (म्हणजे रंग वस्तूला न देता तिच्या लेयरला, ड्रॉइंगच्या थराला, द्या) एवढंच उत्तर येईल आणि ते मी करून बसले आहे.

नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून मी ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं. चार वर्षं ऑफिसात काढली, मुलगी झाल्यापासून घरूनच कामं घेते. सध्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम हातात आहे. ड्रॉइंग आर्किटेक्टच्या ऑफिसातून आलं. माझ्याकडे मापं टाकणं, टायटल ब्लॉक लावणं आणि १:५० ला ए-वनवर प्रिंट काढून साइटवर पोचवणं एवढंच.

फाईलमध्ये भिंतींचा लेयर एकच. त्यावर ठेवायच्या भिंती पांढऱ्या, पाडायच्या पिवळ्या, नव्या लाल. आत सॉलिड हॅच (भरीव भरण), तोही त्या-त्या रंगाचा. काळ्या स्क्रीनवर अगदी पाठ्यपुस्तकासारखं दिसत होतं. मी नेहमीच्या सवयीने मोनोक्रोम सीटीबी (सगळे रंग काळे छापणारी प्रिंटची सेटिंग फाईल) लावली, पीडीएफ केली, शालिमारजवळच्या दुकानातून सहा शीट काढून आणल्या. माझं सगळं लक्ष मापांवर. भिंती तिन्ही प्रकारच्या सारख्याच काळ्या ठिक्कर आल्यात हे बघितलंच नाही. गंमत म्हणजे सगळी शीट काळी आणि संडास-बाथरूमची भांडी तेवढी फिक्कट निळी! हसून सोडून दिलं. तिथेच थांबायला हवं होतं.

शनिवारी मिस्त्रीने माजघराच्या मागची भिंत फोडायला घेतली. पाडायची होती तिच्या शेजारची. हातभर गिलावा खाली आला तेवढ्यात आजी स्वयंपाकघरातून आल्या, "अरे, वरच्या माडीची तुळई कशावर टेकलीय ते तरी बघ!" मिस्त्रीने वर बघितलं आणि छिन्नी खाली ठेवली. आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना नकाशा लागत नाही.

मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. हात थरथरायला लागले.

आता फाईल नीट करायला बसले तर काहीच ऐकत नाही. वॉल लेयरचा रंग बदलला, पिवळी-लाल एकही भिंत बदलली नाही. दारांच्या लेयरचा रंग बदलला, दारं होती तशीच जांभळी. कंट्रोल-ए करून सगळ्याचा रंग बायलेयर केला, तर सगळ्या भिंती एकाच रंगाच्या झाल्या आणि पाडायची कुठली, नवी कुठली हेच कळेना. अंडू केलं म्हणून वाचले. आणि ती निळी भांडी मोनोक्रोममध्ये निळी का येतात हे अजून कळलेलं नाही.

बुधवारी नवीन शीट द्यायच्या आहेत. साइटवर त्यांच्या झेरॉक्स निघणार, म्हणजे रंगीत प्रिंट काढूनही उपयोग नाही.

कॅडकिंग_०७ | सोमवार, रात्री ११:३२

ताई सोपं आहे. सेटबायलेयर कमांड मारा, सगळं सिलेक्ट, दोनदा यस. संपलं. मग लेयरचे रंग बदला.

पाथर्डीफाटा_ड्राफ्टिंग | सोमवार, रात्री ११:४०

दादा, वर लिहिलंय ना. सगळ्या भिंती एकाच लेयरवर आहेत. बायलेयर केलं की सगळ्या एकाच रंगाच्या होणार. फरक रंगातच होता, तोच पुसला जातो.

कॅडकिंग_०७ | सोमवार, रात्री ११:४३

ओह. वाचलं नव्हतं पूर्ण. मग आधी वेगळे लेयर करावे लागतील.

जुना_टीस्क्वेअर | मंगळवार, पहाटे ५:५०

ताई, सकाळी लवकर जाग येते म्हणून या वेळेला लिहितोय. मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे कमांडची नावं मराठीत लिहितो, तुम्ही इंग्रजीत टाईप करा.

आधी माझं एक गुपित. मला लाल आणि हिरवा नीट ओळखू येत नाही. एकविसाव्या वर्षी एका सरकारी नोकरीच्या मेडिकलमध्ये ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, "कितीचा आकडा दिसतो?" म्हणाले. मला नुसते ठिपके दिसले. ती नोकरी गेली आणि मी १९८३ साली कॅनडा कॉर्नरच्या एका ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो. तिथे ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनाने शाई करायची. त्या पेनांना जाडीप्रमाणे रंगीत कडी असते: ०.१८ ला लाल, ०.२५ ला पांढरी, ०.३५ ला पिवळी, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळी. हा रंग जगभर ठरलेला आहे. माझ्या डोळ्यांना लाल आणि तपकिरी एकच. पहिल्याच आठवड्यात मी एका बंगल्याचं सगळं फर्निचर ०.५ ने काढलं. पलंग भिंतीपेक्षा ठळक! साहेबांनी अर्धं ब्लेड हातात दिलं आणि दिवसभर ती शाई खरवडायला लावली. ट्रेसिंग खरवडताना कागद फाटू न देणं ही वेगळीच विद्या आहे, ती त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून कडीचा रंग बघायचा नाही, पेनावर कोरलेला आकडा वाचायचा.

हे सगळं सांगतोय कारण ऑटोकॅडचा रंग म्हणजे मुळात आकडाच. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं, आमच्या ऑफिसात यायला १९९३ उजाडलं, रिलीज १२. सोबत आठ पेनांचं प्लॉटर. फिरत्या चकतीत आठ पेनं उभी, मशीन एक उचलून रेघा मारायचं, जागेवर ठेवायचं, दुसरं उचलायचं. स्क्रीनवर १ नंबरच्या रंगात काढलेलं सगळं पहिल्या पेनाने, २ नंबरचं दुसऱ्याने. पेनांत शाई सगळी काळीच भरलेली, जाडी तेवढी वेगळी. म्हणजे स्क्रीनवरचा लाल हा कागदावर लाल येण्यासाठी नव्हताच, "पातळ पेन उचल" हा निरोप होता. प्लॉटर भंगारात गेलं, पद्धत राहिली. सीटीबी फाईल म्हणजे तीच पेनांची चकती, फक्त आठाऐवजी २५५ पेनांची.

आता तुमची निळी भांडी. तो ब्लॉक (एकत्र बांधलेलं तयार चित्र) कुणीतरी इंटरनेटवरून उचललेला असणार. प्रॉपर्टीजमध्ये त्याचा रंग बघा, एक आकडा नसेल, स्वल्पविराम देऊन तीन आकडे असतील. तो ट्रू कलर. २००४ च्या आवृत्तीपासून आला, एक कोटी सदुसष्ट लाख रंगांतला कुठलाही द्या म्हणे. पण सीटीबीकडे पेनं २५५ आणि हा रंग त्या २५५ मधला नाही. मोनोक्रोमने सगळ्या पेनांत काळी शाई भरली, हा मात्र स्वतःचं पेन घरून घेऊन आला. म्हणून सगळी शीट काळी, भांडी निळी. ज्या रंगाला नंबर नाही तो माझ्या फाईलमध्ये मी येऊच देत नाही.

भिंतींकडे येतो. वस्तूला रंग तीन प्रकारे असतो. एक, तिला स्वतःला आकडा दिलेला. दोन, बायलेयर, म्हणजे ती म्हणते मला विचारू नका, माझ्या लेयरला विचारा. तीन, बायब्लॉक, म्हणजे मी ज्या ब्लॉकच्या आत आहे त्याला विचारा. तुमच्या भिंती पहिल्या प्रकारच्या. लेयरचा रंग तुम्ही कितीही बदला, त्या कशाला ऐकतील? आणि पांढऱ्या भिंतींत दोन जाती असतील हेही बघा. काही खरोखर ७ नंबरच्या, काही बायलेयर आणि लेयर पांढरा म्हणून पांढऱ्या. डोळ्याला दोन्ही सारख्या. लिस्ट कमांड द्या. रंग लिहून आला तर स्वतःचा, रंगाची ओळच आली नाही तर बायलेयर.

फाईलची कॉपी करा. मेलमधली मूळ फाईल उघडू सुद्धा नका. वॉल लेयर करंट करा, बाकी सगळे फ्रीझ (गायब) करा, म्हणजे लाल रंगाची मापं किंवा अक्षरं चुकून हाताला लागणार नाहीत. तीन लेयर मनात धरा: जुनी भिंत, पाडायची भिंत, नवी भिंत. त्यातले "पाडायची" आणि "नवी" आधी तयार करून ठेवा. मग क्यूसिलेक्ट. पूर्ण ड्रॉइंग, ऑब्जेक्ट टाईप मल्टिपल, प्रॉपर्टी कलर, किंमत पिवळा. ओके केल्यावर सगळ्या पिवळ्या रेघा आणि हॅच एकदम सिलेक्ट होतात. त्यांना वरच्या लेयरच्या यादीतून "पाडायची" वर टाका. त्यानंतर रंग बायलेयर. क्रम उलटा केलात तर रात्री झालं तेच परत होईल. लाल असलेल्यांचं तसंच, "नवी" वर. वॉल लेयरवर शेवटी जे उरतं ते जुनं. त्यांना शोधत बसायचं नाही, लेयरचंच नाव बदलून "जुनी" करायचं आणि उरलेल्या सगळ्यांना बायलेयर करायचं.

क्यूसिलेक्ट ब्लॉकच्या आत बघत नाही, हे ध्यानात ठेवा. भिंतीचा एखादा तुकडा ब्लॉक करून ठेवला असेल तर तो निसटेल. शेवटी एकेक लेयर बंद करून डोळ्यांनी तपासा. तुमचे डोळे चांगले आहेत.

जांभळी दारं: दाराच्या ब्लॉकवर डबल क्लिक करून ब्लॉक एडिटरमध्ये जा. आतल्या रेघांना कुणीतरी स्वतःचा ६ नंबर दिलेला असणार. सगळं सिलेक्ट करा, लेयर ० वर टाका, रंग बायलेयर, सेव्ह करून बाहेर. लेयर ० वरची बायलेयर रेघ ब्लॉकसोबत जाते. ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्या लेयरची होते. भांड्यांनाही हेच औषध. ब्लॉक खूप असतील तर कॅडकिंगने सांगितलेली सेटबायलेयर आता चालवा, ती ब्लॉकच्या आतही जाते, पण लॉक केलेल्या लेयरवरच्या वस्तूंना हात लावत नाही.

मापं आणि लिहिलेलं अजून तसंच राहिलं तर घाबरू नका. मापाच्या रेघेचा, अक्षराचा रंग डायमेन्शन स्टाईलमध्ये वेगळा दिलेला असतो. आणि एमटेक्स्टमध्ये एखादा शब्द निवडून कुणी लाल केला असेल तर बाहेरून बायलेयर करून फरक पडत नाही, आत जाऊन फॉरमॅटिंग काढावं लागतं.

झेरॉक्सचं तुम्ही बरोबर ओळखलंत. रंग कितीही नीट लावले तरी काळ्या-पांढऱ्या कागदावर पिवळा कुठला नि लाल कुठला ते ओळखू येत नाही. तिथे रेघेनेच बोलायला हवं. आम्ही ट्रेसिंगवर करायचो तसं करा. जुनी भिंत: बाहेरची रेघ जाड, आत रिकामी. नवी: आत पूर्ण काळी भरलेली. पाडायची: बाहेरची रेघ तुटक आणि आत तिरक्या रेघा, एएनएसआय-३१ हॅच. शिवाय त्यावर "पाडणे" असं लिहूनच टाका. मिस्त्री लीजंड (कोपऱ्यातला खुणांचा तक्ता) वाचत नाही, भिंतीवर लिहिलेलं वाचतो.

अंबड_लेझर | मंगळवार, सकाळी १०:१५

काकांचं वाचून मजा आली, पण "रंग लेयरला द्या, वस्तूला नको" हे सगळीकडे चालत नाही. आमचं पत्रा कापायचं काम आहे. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रंगावर काम ठरवतो. काळी किंवा पांढरी रेघ म्हणजे आरपार काप, लाल म्हणजे नुसती खूण. पत्रा कुठे वाकवायचा ती रेघ लाल. लेयरची नावं पार्टी काहीही ठेवते, एकाने "लेयर १" तर एकाने स्वतःच्या मुलाचं नाव ठेवलं होतं. रंग तेवढा फोनवर सांगून ठरवता येतो.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाईकाच्या नवीन पोराने डीएक्सएफ (ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची फाईल) "साफ" करून पाठवली. कुठेतरी वाचलं असणार, सेटबायलेयर मारा. सगळं एकाच लेयरवर, लेयर पांढरा. वाकवायच्या लाल रेघा पांढऱ्या झाल्या आणि आम्ही नेस्टिंग (पत्र्यावर तुकड्यांची मांडणी) करून मशीन सुरू केलं. १.६ मिमी सीआरसी पत्र्याचे ६० ब्रॅकेट. पहिली शीट संपल्यावर ऑपरेटर विचारतो, "सेठ, हे पीस दोन-दोन तुकड्यांतच द्यायचेत का?" वाकवायच्या रेघेवर बरोब्बर आरपार कापलेले. पैसे कोणी भरायचे यावर महिनाभर फोन चालले. शेवटी निम्मे-निम्मे.

तेव्हापासून मी डीएक्सएफ नोटपॅडमध्ये उघडून बघतो. घाबरू नका, ती साधी टेक्स्ट फाईल असते. प्रत्येक रेघेच्या माहितीत ६२ हा आकडा शोधायचा, त्याच्या खालच्या ओळीत रंगाचा नंबर. १ असेल तर लाल. बायलेयर असेल तर ६२ ची ओळच नसते, काकांच्या लिस्ट कमांडसारखंच. लेयरच्या यादीतही ६२ असतो, आणि तिथे आकड्याआधी वजा चिन्ह दिसलं तर तो लेयर बंद ठेवलेला आहे. बंद लेयरवर पार्टीने काय लपवलंय ते यातूनही कळतं. एकदा एकाच्या बंद लेयरवर अख्खं जुनं डिझाईन निघालं.

थोडक्यात, आमच्याकडे येणाऱ्या फाईलला रंग वस्तूलाच द्या.

जुना_टीस्क्वेअर | मंगळवार, सकाळी ११:०५

अंबडवाले, तुमचे ६० ब्रॅकेट वाचून वाईट वाटलं, पण दोष बायलेयरचा नाही. वाकवायच्या रेघा कापायच्या रेघांच्याच लेयरवर का होत्या? त्यांचा वेगळा लेयर करून लेयरला १ नंबर दिला असता तर त्या पोराने सेटबायलेयर शंभर वेळा मारलं असतं तरी लाल त्या लालच राहिल्या असत्या. ताईंच्या भिंतींसारखाच प्रकार. माहिती रंगात ठेवली, रंग धुतला, माहिती गेली.

अंबड_लेझर | मंगळवार, सकाळी ११:२०

काका मान्य, पण पार्टी वेगळा लेयर करेल तेव्हा ना. मला आलेल्या फाईलवर मशीन चालवायचं असतं. आणि काही सॉफ्टवेअर बायलेयरचा रंग आणताना गडबड करतात, सगळं एकाच रंगात येतं, हा अनुभव आहे. रेघेवर रंग ठोकलेला असला की मला झोप लागते.

जुना_टीस्क्वेअर | मंगळवार, सकाळी ११:२६

मग घरात बायलेयर ठेवावं आणि तुमच्याकडे पाठवायच्या कॉपीत रंग ठोकावा. मूळ फाईलमध्ये नको.

कॉलेजरोड_आर्क | मंगळवार, दुपारी २:४०

भर घालतो. मूळ ड्रॉइंग करणाऱ्याने पिवळा आणि लाल हे रंग हवेतून आणलेले नाहीत. मंजुरीच्या नकाशात रंग ठरलेले असतात, राष्ट्रीय इमारत संहितेत त्याचा तक्ताच आहे: पाडायचं काम पिवळ्या तिरक्या रेघांनी, प्रस्तावित काम लाल भरून, ड्रेनेज लाल तुटक रेघेने, अस्तित्वातला रस्ता हिरवा. पूर्वी आम्ही अमोनिया प्रिंटवर हे रंग हाताने भरायचो, रंगीत पेन्सिली घेऊन रात्र-रात्र. बहुतेक मंजुरीसाठी केलेल्या फाईलचंच साइटचं ड्रॉइंग केलं असावं. दोन्ही कामांना एकच शीट वापरली की असं होतं. मंजुरीची शीट रंगीतच निघते, साइटची निघत नाही.

ताई, आर्किटेक्टला हे कळवा. चूक तुमची एकट्याची नाही.

आणि दुकानात डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाईल) देऊ नका, तुम्ही पीडीएफ देता ते योग्यच. सीटीबी ड्रॉइंगच्या फाईलमध्ये नसते, ती तुमच्या कॉम्प्युटरवर राहते. दुकानदाराच्या मशीनवर त्याची स्वतःची सीटीबी लागते आणि जाड्या सगळ्या बदलतात.

पाथर्डीफाटा_ड्राफ्टिंग | मंगळवार, दुपारी ३:१५

काका, मुलगी शाळेतून यायच्या आत लेयर वेगळे झाले. क्यूसिलेक्टने पिवळे २३ निघाले, लाल ४१. त्या २३ मध्ये एक आश्चर्य निघालं: जिन्याखालचा एक तुकडा पिवळा होता पण इतका बारीक की मला स्क्रीनवर कधी दिसलाच नव्हता. तोही पाडायचाच होता. आर्किटेक्टला फोन करून विचारलं, ते म्हणाले हो. म्हणजे मिस्त्रीने बरोबर भिंत फोडली असती तरी हा राहिलाच असता.

एक शंका. तुम्ही रंगांना जाडी काय देता? मोनोक्रोममध्ये मी आजवर लेयरलाच लाइनवेट देत आले.

जुना_टीस्क्वेअर | मंगळवार, दुपारी ४:००

लेयरला दिलंत तरी चालतं, मोनोक्रोममध्ये जाडी वस्तूचीच वापरायची असं असतं. मी जुना माणूस, मी मोनोक्रोमची कॉपी करून माझी सीटीबी केली आहे. १ ला ०.१८, ३ ला ०.२५, २ ला ०.३५, ७ ला ०.५. रॉट्रिंगच्या कड्यांशी जमेल तेवढं जुळवलंय: लाल ०.१८ आणि पिवळा ०.३५ जमले, तपकिरीला सोपा नंबर नव्हता म्हणून ७ घेतला. ८ नंबर मी फिका ठेवतो, स्क्रीनिंग ५० टक्के, त्यात फर्निचर. साध्या मोनोक्रोममध्ये ८ सुद्धा पूर्ण काळा येतो, स्क्रीनवर राखाडी दिसतो म्हणून फसू नका. तुमच्या वाड्यात फर्निचर नाहीच म्हणा.

१:५० ला जुन्या भिंतीची बाहेरची रेघ ०.५ ठेवा. वाड्याच्या भिंती जाड असतात, त्या कागदावर जाड दिसल्या पाहिजेत.

पाथर्डीफाटा_ड्राफ्टिंग | बुधवार, रात्री ९:५०

शीट दिल्या.

आधी एक शीट ए-थ्रीवर काढून घरच्या प्रिंटरवर तिची झेरॉक्स केली, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स केली. तिसऱ्या पिढीतही पाडायच्या भिंतीच्या तिरक्या रेघा दिसत होत्या. मग दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, आज निळं काही नाही का?" म्हणजे त्याच्याही लक्षात आलं होतं, पण बोलला नव्हता.

साइटवर स्वतः गेले, रिक्षाने, शीटची गुंडाळी मांडीवर घेऊन. मिस्त्रीने शीट ओट्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. "पाडणे" लिहिलेलं वाचलं आणि मोठ्याने म्हणाला, "आता कसं!" आजी पण आल्या. चष्मा नव्हता. मी म्हटलं, आजी, तुमची भिंत कुठली? त्यांनी दाराकडून मोजायला सुरुवात केली: ही ओसरी, हे माजघर, हे देवघर. आणि बोट नेमकं त्या रिकाम्या ठेवलेल्या जाड भिंतीवर टेकवलं. "ही. हिला कोणी हात लावायचा नाही." फुटलेला गिलावा मिस्त्री त्याच्या खर्चाने करून देतोय, मी अर्धे देते म्हटलं तर ऐकेना.

आर्किटेक्टला सगळं मेल केलं, नवीन फाईलसकट. "ओके, नोटेड" एवढंच उत्तर आलं.

एक राहिलंय. सगळी दारं सुधारली, पण माडीवरची दोन अजून जांभळीच आहेत. ब्लॉक एडिटर उघडायला गेले तर ब्लॉकच्या यादीत त्यांचं नावच नाही. प्रिंटमध्ये काळी येतात म्हणून आज सोडून दिली.

जुना_टीस्क्वेअर | गुरुवार, पहाटे ५:४०

माझ्या डोळ्यांना तुमची ती जांभळी दारं निळीच दिसली असती. यादीत नाव नाही म्हणजे ती या फाईलमधली नाहीत, एक्सरेफ असणार. माडीचं ड्रॉइंग वेगळ्या फाईलमधून जोडलं असेल. सेटबायलेयर एक्सरेफच्या आत जात नाही. एक्सरेफ पॅलेट उघडा, कुठली फाईल ते बघा आणि ती आर्किटेक्टकडून मागवून घ्या.

तिच्यातही भिंती असतील. आधी त्या बघा, दारं मग.